न पाहता ऑनलाइन जुनी पद्मिनी घेताय? आधी कागद बघा, मग पत्रा

रात्री मोबाइल चाळताना एक फोटो दिसतो. झाडाखाली उभी असलेली प्रीमियर पद्मिनी, चारही टायर बसलेले, बॉनेटवर धुळीचा थर. खाली लिहिलंय, 'एकाच मालकाची गाडी, थोडं काम आहे.' गाडी मुंबईत आणि तुम्ही धाराशिवमध्ये. मधलं अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास. विकणारा म्हणतो, टोकन टाका, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

अशा वेळी बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, 'इंजिन चालू आहे का?' पण जाम झालेलं इंजिन मेकॅनिक खोलून दुरुस्त करू शकतो. कागद अडकले तर तीच गाडी तुमच्या अंगणात भंगार म्हणून उभी राहते. म्हणून सुरुवात कागदापासून करायची.

पद्मिनीची एवढी क्रेझ का?

इटलीच्या फियाट ११०० वर बेतलेली ही गाडी प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली. १९६४ च्या सुमारास ती 'फियाट ११०० डिलाइट' नावाने आली आणि १९७० च्या दशकात 'पद्मिनी' झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घराघरांत माहीत आहे. टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला झाली. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या.

याचा अर्थ, आज विकायला येणारी प्रत्येक पद्मिनी २० वर्षांपेक्षा जुनी आहे. हा आकडा लक्षात ठेवा, खर्चाचं गणित त्यावरच आहे.

कागदात काय बघायचं?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून ती दर ५ वर्षांनी वाढवावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी हे शुल्क १० हजार रुपये केलं. आधी ते ५ हजार होतं. मुदत संपून महिने उलटले असतील तर उशिराचं शुल्क वेगळं. महाराष्ट्रात जुन्या गाडीला पर्यावरण करही लागतो.

पैसे देण्याआधी या गोष्टी तपासा:

- आरसी कोणाच्या नावावर आहे? मूळ मालक वारला असेल तर वारसाला फॉर्म ३१ भरून गाडी आधी स्वतःच्या नावावर करावी लागते. 'आजोबांची गाडी आहे, सही करून देतो' एवढ्यावर विश्वास ठेवू नका.
- टीटी फॉर्म कोणी सही केलेत? मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी तीन-चार हातांतून गेली आणि कोणीच नावावर केली नाही, असं जुन्या गाड्यांत खूप होतं. सही आरसीवरच्या मालकाचीच हवी.
- ऑनलाइन नोंद आहे का? परिवहन पोर्टलवर नंबर टाकून बघा. 'एमएच' कोड येण्याआधीच्या नंबरांची नोंद अनेकदा तिथे सापडत नाही. मग मूळ आरटीओत चौकशी करावी लागते. नोंदणी रद्द दिसत असेल तर थांबा.
- कर्जाचा बोजा आहे का? आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मागा.
- दुसऱ्या राज्यातली आहे का? मग तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८ हवा. एमएच २५ चा नंबर घेताना इथला रोड टॅक्सही भरावा लागतो.

गाडी नावावर करून देणं विकणाऱ्याच्याही फायद्याचं असतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलंय की, गाडी विकली तरी नोंदीत ज्याचं नाव आहे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच येते. हे माहीत असूनही कोणी ट्रान्सफर टाळत असेल, तर काहीतरी गडबड आहे.

व्हिंटेज नंबर मिळेल का?

२०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडीच व्हिंटेज ठरते. शुल्क २० हजार रुपये, नोंदणी १० वर्षांची. नंबरमध्ये 'व्हीए' अक्षरं येतात. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि देखभालीसाठी काढता येते. १९८५ ची पद्मिनी २०३५ पर्यंत व्हिंटेज नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

फोटोत काय दिसत नाही?

गंज. जीपला खाली वेगळी लोखंडी फ्रेम असते. पद्मिनीला ती नाही, बॉडीच सगळा भार उचलते. त्यामुळे फ्लोअर आणि दरवाजाखालचा पत्रा सडला असेल तर तो फक्त रंगाचा प्रश्न राहत नाही. समुद्राकाठच्या गाडीत हा धोका जास्त. धाराशिवसारख्या कोरड्या भागात पत्रा टिकतो, पण रबर आणि वायरिंग उन्हाने कडक होतं.

व्हिडिओ कॉलवर मॅट उचलून फ्लोअर दाखवायला सांगा. पत्र्यावर चुंबक फिरवायला सांगा, पुट्टी जाड असेल तिथे ते चिकटत नाही. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवा. दरवाजाच्या आत काळा-पिवळा रंग दिसला तर गाडी टॅक्सी होती का, ते विचारा. सगळ्यात उत्तम म्हणजे तिथला एखादा मेकॅनिक फी देऊन पाठवा.

पैसे कसे द्यायचे?

'मी सैन्यात आहे, बदली झाली, ट्रान्सपोर्टचे पैसे आधी टाका' ही फसवणुकीची जुनी पद्धत आहे. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, तो पैसे देताना लागतो. टोकन द्यायचंच असेल तर आरसीवरच्या मालकाच्या बँक खात्यात द्या. बाकी रक्कम गाडी आणि मूळ कागद समोर असताना. नोंदणी आणि विमा संपलेली गाडी चालवत किंवा टोचन लावून आणू नका, कॅरियरवर आणा.

तरीही फसलो तर?

पैसे घेऊन समोरचा गायब झाला तर लगेच १९३० वर फोन करा. गाडी वर्णनाप्रमाणे नसेल तर १९३० च्या माल विक्री कायद्यातलं कलम १५ तुमच्या बाजूने आहे. वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळायला हवा, असं ते सांगतं. म्हणून जाहिरात आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. मात्र विकणारा व्यापारी नसून साधा माणूस असेल तर सहसा ग्राहक आयोगात नाही, दिवाणी कोर्टात जावं लागतं.

हा सगळा ताप नको असेल तर एक रात्रीची एसटी पकडा आणि गाडी स्वतः बघून या. तिकिटाचे पैसे वाया गेले तरी ते टोकनपेक्षा कमीच असतील.