डिजिटल ट्विनचं घराणं : उज्जैन शाखा

डिजिटल ट्विनची जन्मकथा सांगायची तर अपोलो १३ पासून सुरुवात करायची, अशी आता प्रथाच पडली आहे. एप्रिल १९७० मध्ये चंद्राच्या वाटेवर यानातली ऑक्सिजनची टाकी फुटली. ह्यूस्टनच्या सिम्युलेटरवर यानाची ती अवस्था उभी केली गेली, उपाय आधी जमिनीवर करून पाहिले आणि मगच वर कळवले. गोष्ट थरारक आहे आणि खरीही आहे; पण ट्विनचा जन्म म्हणून ती मला अर्धीच पटते. सिम्युलेटर यानाशी थेट जोडलेला नव्हता. यानाकडून आलेले आकडे पाहून हाताने फेरफार करणारी माणसं मध्ये होती.

ती जोडणी कल्पनेत आली २००२ मध्ये. मिशिगन विद्यापीठातल्या मायकेल ग्रीव्ह्ज यांनी वस्तूच्या आराखड्यापासून ती भंगारात जाईपर्यंतचा हिशेब ठेवण्यासाठी एक मांडणी सुचवली : खरी वस्तू, संगणकातली तिची प्रतिकृती आणि दोघींमध्ये सतत ये-जा करणारी माहिती. ‘डिजिटल ट्विन’ हे नाव दिलं नासाच्या जॉन व्हिकर्स यांनी. २०१० च्या सुमारास नासाच्या आराखड्यात ते झळकलं आणि मग जेट इंजिनांपासून ऑफिसच्या इमारतींपर्यंत सगळ्यांनाच ट्विन हवासा झाला.

खरी अडचण इथेच सुरू झाली. पंपाचा ट्विन करायचा, तर पंप म्हणजे नेमकं काय काय, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं. एका इंजिनिअरने तापमान सेल्सिअसमध्ये नोंदवलं, दुसऱ्याने फॅरनहाइटमध्ये, तिसऱ्याने त्या रकान्याला भलतंच नाव दिलं, की तिघांचे ट्विन एकमेकांशी बोलणार कसे?

व्याख्या आधी आणि वस्तू मग, हा क्रम दगडात पाहायचा असेल तर उज्जैनच्या वेधशाळेत जावं. जयपूरच्या सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्ली, जयपूर, मथुरा, वाराणसी आणि उज्जैन अशा पाच ठिकाणी वेधशाळा उभारल्या. माळव्याची सुभेदारी त्याच्याकडे होती, शिवाय प्राचीन सिद्धान्तग्रंथांची शून्य रेखांशाची रेषा उज्जयिनीवरूनच जाते. ही जागा त्याने सोडली असती तरच नवल. तिथल्या सम्राट यंत्राची व्याख्या एका वाक्यात मावते : पृथ्वीच्या अक्षाला समांतर अशी एक उतरती भिंत आणि तिची सावली झेलायला दोन बाजूंना दोन चापाकार पट्ट्या. ही व्याख्या सगळीकडे तीच. बदलतो तो भिंतीचा कोन, कारण तो त्या गावाच्या अक्षांशाइतकाच असावा लागतो. उज्जैनला २३ अंश ११ कला, जयपूरला २७ अंशांच्या आसपास, दिल्लीला २८ अंशांच्या वर. उज्जैनचं सम्राट यंत्र उचलून दिल्लीला नेलं, तर ते चुकीची वेळ दाखवेल. व्याख्या नेली, तर बरोबर दाखवेल.

मायक्रोसॉफ्टने ट्विनच्या व्याख्या लिहिण्यासाठी जी भाषा काढली, ती याच भेदावर उभी आहे. डिजिटल ट्विन्स डेफिनिशन लँग्वेज हे तिचं लांबलचक नाव. लोक डीटीडीएल म्हणून मोकळे होतात. २०२० मध्ये तिची दुसरी आवृत्ती वापरात आली. वस्तूच्या एका प्रकाराची व्याख्या म्हणजे ‘इंटरफेस’. त्यात क्वचित बदलणारे गुण ‘प्रॉपर्टी’ म्हणून येतात, सतत वाहत येणारी मोजमापं ‘टेलिमेट्री’ म्हणून, आणि दुसऱ्या वस्तूंशी असलेली नाती ‘रिलेशनशिप’ म्हणून. सम्राट यंत्र या भाषेत लिहायचं, तर भिंतीचा कोन प्रॉपर्टी आणि पट्टीवर सरकणाऱ्या सावलीची जागा टेलिमेट्री. कोनाचा आकडा व्याख्येत येतच नाही. तो उज्जैनच्या ट्विनमध्ये वेगळा, दिल्लीच्या ट्विनमध्ये वेगळा.

हे सगळं जेसॉन या माहिती लिहिण्याच्या मांडणीच्या महिरपी कंसांमध्ये लिहावं लागतं, आणि माणूस तिथेच गडबडतो. एखादा स्वल्पविराम राहतो, एखादं अक्षर पुढेमागे होतं. व्हिज्युअल स्टुडिओ कोड या एडिटरसाठीचं डीटीडीएल एक्स्टेन्शन कामाला येतं ते इथे. प्रकाराच्या पुढे अवतरणचिन्ह टाकलं, की चालू शकणाऱ्या शब्दांची यादी खाली उघडते. ‘डबल’ या अंकप्रकाराच्या नावात एक अक्षर चुकलं, तर त्याखाली लाल नागमोडी रेघ येते. नवी व्याख्या सुरू करताना तिचा कोरा साचाही ते पुढे करतं. भाषाही नियमाला कडक आहे : ‘कोन’ असं सांगून एकक मीटर दिलं, तर ते तिला मंजूर नसतं.

या मदतनिसाचं स्वतःचंही घराणं आहे. वापरणाऱ्याने हवी तशी भर घालावी, ही एडिटरची रीत १९७६ च्या ईमॅक्सपासूनची. पुढचा शब्द सुचवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये व्हिज्युअल बेसिकबरोबर आणली, आणि लाल नागमोडी रेघ त्याआधी वर्ड ९५ च्या शुद्धलेखन तपासणीत सगळ्यांच्या ओळखीची झालेली होती. व्हिज्युअल स्टुडिओ कोड आलं २०१५ मध्ये. त्याच्या पुढच्याच वर्षी लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर झाला आणि एका भाषेसाठी केलेली मदत अनेक एडिटरांत वापरता येऊ लागली. चार लोकांच्या कामापुरत्या छोट्या भाषेलाही असा मदतनीस मिळणं आता नवलाचं राहिलं नाही.

डीटीडीएलमधली मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र व्याख्येच्या आयडीच्या शेवटी बसते : अर्धविराम आणि त्यापुढे आवृत्तीचा आकडा. मायक्रोसॉफ्टच्या ट्विन सेवेत एकदा चढवलेली व्याख्या जागच्या जागी बदलता येत नाही. बदल हवा तर आकडा वाढवून नवी लिहायची. पंचांगांच्या वादाशी घरोबा असलेल्या मराठी माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको. टिळक पंचांगाने राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या ताऱ्याशी धरला, इतर बहुतेकांनी चित्रेच्या समोरच्या बिंदूशी. दोन्हींत सुमारे ४ अंशांचा फरक, त्यामुळे काही वर्षी अधिक महिनाही वेगळा पडतो. ग्रहांच्या वेधांवरून हा वाद नव्हताच. शून्य कुठे लिहायचं, एवढाच प्रश्न होता.

व्याख्या जुनी होते, हेही उज्जैनला दिसतं. सूर्यसिद्धान्तात सूर्याची परमक्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं त्याचं कमाल अंतर, २४ अंश धरली आहे. आज ती २३ अंश २६ कला भरते. ती घटते आहे, म्हणून कर्कवृत्तही वर्षाला साधारण १५ मीटरने दक्षिणेकडे, म्हणजे उज्जैनच्याच दिशेने, सरकतं आहे. सध्या ते शहराच्या उत्तरेला डोंगल्याजवळून जातं आणि तिथे नवी वेधशाळाही झाली आहे. जुनी वेधशाळा मधल्या काळात पडीक झाली होती. १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. तिथलं शंकुयंत्र आपट्यांनी १९३७ मध्ये बांधवून घेतलेलं. जयसिंगाच्या मूळ यंत्रांत बदल न करता शेजारी नवं यंत्र उभं करायचं, ही रीत मला आवृत्तीच्या आकड्याइतकीच शहाणी वाटते.

एक्स्टेन्शनला जे पकडता येत नाही, तेही सम्राट यंत्रापाशी लख्ख कळतं. यंत्र उज्जैनची स्थानिक वेळ दाखवतं. भारतीय प्रमाणवेळ रेखांशाच्या हिशेबाने तिच्या सुमारे २७ मिनिटं पुढे, आणि त्यात वर्षभर कमीजास्त होणारा, जास्तीत जास्त १६ मिनिटांच्या घरातला, वेळेच्या समीकरणाचा फरक. म्हणून यंत्रापाशी दुरुस्तीचा तक्ता लावलेला आहे. आता व्याख्येत ‘वेळ’ अशा अर्थाचं नाव देऊन प्रकार बरोबर लिहिला, की एकही लाल रेघ उमटणार नाही. वेळ कुठली, हे एडिटर विचारणारच नाही. ते ‘डिस्क्रिप्शन’च्या ओळीत लिहिणाऱ्यानेच नोंदवायचं. ती ओळ मराठीत लिहिली तरी चालते; आयडी मात्र रोमन अक्षरांतच लागतो.