अरुंद रुळावरील वाघिणी

आगगाडीचा इतिहास बहुधा इंजिनांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. इंजिनाला धूर असतो, शिट्टी असते, छायाचित्रकारांचे प्रेम असते. त्याच्यामागून मुकाट चालणाऱ्या मालवाहू वाघिणीची मात्र कोणी वास्तपुस्त करीत नाही. (‘वॅगन’ची ‘वाघीण’ करून आपल्या मराठी माणसाने त्या ओझेवाहू डब्याला नकळत केवढी प्रतिष्ठा दिली आहे!) या उपेक्षित वाघिणींचा इतिहास ज्यांनी चिकाटीने जपला, त्यांत छोट्या प्रतिकृती घडविणारे हौशी कारागीर येतात, हे अनेकांना नवल वाटेल. प्रस्तुत लेखात अशाच एका लहानशा रेल्वेची हकीकत सांगावयाची आहे.

अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात, अ‍ॅपलेशियन डोंगररांगांच्या कुशीत, ‘ईस्ट ब्रॉड टॉप’ नावाची रेल्वे आहे. तिची सनद १८५६ सालची. परंतु रूळ पडू लागले ते १८७२ नंतर, आणि १८७४ मध्ये गाडी रॉबर्ट्सडेलच्या खाणींपर्यंत पोहोचली. मुख्य मार्ग अवघा तेहतीस मैलांचा. रुळांमधील अंतर तीन फूट, कारण डोंगरातील वळणांना आणि मालकांच्या खिशाला तेवढेच परवडत होते. खाणीतील दगडी कोळसा माउंट युनियन या गावी आणावयाचा आणि तेथे पेन्सिल्व्हेनिया रेलरोडच्या रुंद रुळावर चढवून द्यावयाचा, हे तिचे मुख्य काम.

अमेरिकेतील अरुंद रुळांच्या बहुतेक रेल्वे लाकडी वाघिणींवरच जगल्या आणि लाकडी वाघिणींसह संपल्या. ईस्ट ब्रॉड टॉपने मात्र १९१३ पासून पोलादी वाघिणींची कास धरली, आणि पुढे त्या रॉकहिल फर्नेस येथील स्वतःच्या कारखान्यातच बांधल्या. ही गोष्ट साधी नव्हे. तेहतीस मैलांच्या रेल्वेचे लोहार व जोडारी पत्रे कापीत होते, वाकवीत होते, रिवेट ठोकून सांधीत होते. वाघिणीचा तळ दोन्ही बाजूंनी उतरता. कोळसा आपल्याच वजनाने घसरत खालच्या दारांशी येई व दारे उघडताच भडभडा खाली पडे. फावड्याने ओझे उपसणाऱ्या माणसांची गरज त्या उतारामुळे पुष्कळच कमी झाली. यंत्रयुगात कोणाचे श्रम वाचले आणि कोणाची रोजी गेली, हे दोन्ही त्या तिरप्या पत्र्यात दडलेले आहे.

दोन रुळांच्या सांध्यावरची अडचण तर मोठीच होती. माल एका गाडीतून दुसरीत भरणे म्हणजे वेळ, मजुरी आणि नासधूस. माउंट युनियनला इमारती लाकूड उचलण्याची एक मोठी यारी होती. तिच्या साहाय्याने रुंद रुळाच्या वाघिणीचा सांगाडा उचलावयाचा, खालच्या रुंद बोग्या काढून घ्यावयाच्या आणि अरुंद बोग्या सरकवावयाच्या. (बोगी म्हणजे आपण समजतो तसा डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा गाडा.) मग ती अवाढव्य वाघीण तीन फुटी रुळावरून डुलत डुलत डोंगराकडे जाई.

येथे आपल्या बार्शी लाइट रेल्वेची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८९७ मध्ये सुरू झालेल्या त्या अडीच फुटी रेल्वेचे शिल्पकार एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी पुढे इंग्लंडमधील लीक आणि मॅनिफोल्ड रेल्वेसाठी (१९०४) हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला: रुंद वाघिणीच्या बोग्या न बदलता अख्खी वाघीणच एका बुटक्या अरुंद गाड्यावर चढविली. व्याधी एकच, औषधे दोन. मला माउंट युनियनची रीत अधिक धाडसी वाटते, कॅल्थ्रॉपची अधिक सुबक.

आता प्रतिकृतींकडे वळू. अमेरिकेत या कामी दोन प्रमाणे विशेष रूढ आहेत: एकास सत्त्याऐंशी आणि एकास अठ्ठेचाळीस. दुसऱ्यात फुटाचा पाव इंच होतो, म्हणून चोवीस फुटांची वस्तू सहा इंचांत मावते, आणि तीन फुटी रूळ सुमारे एकोणीस मिलिमीटरचा होतो. पुष्कळ हौशी लोक सोयीसाठी बाजारात सहज मिळणारा साडेसोळा मिलिमीटरचा रूळ वापरतात. हिशेब केला तर तो अडीच फुटांच्या जवळपास येतो. म्हणजे पेन्सिल्व्हेनियाची वाघीण न कळत बार्शीच्या रुळावर धावते! कट्टर मंडळींना हे मुळीच खपत नाही.

लांबी अठ्ठेचाळीस पटींनी घटली की वजन अठ्ठेचाळीसाच्या घनाने घटते. एक टन कोळशाचे उरतात नऊ ग्रॅम. म्हणून हलकी प्रतिकृती रुळावरून घसरते, आणि तिच्या पोटात शिशाचे तुकडे लपवावे लागतात. भरलेल्या वाघिणीत ते कोळशाखाली सहज झाकले जातात. रिकाम्या वाघिणीत लपविण्यास जागाच नसते. रिकामी वाघीण करणे हीच खरी परीक्षा. आतला तिरपा तळ, घासून घासून उघडा पडलेला पत्रा, कोपऱ्यातला गंज, हे सारे दिसते. रिवेटांसाठी पातळ पत्र्याला मागच्या बाजूने बोथट सुईने एकेक टिंब उठवावे लागते. त्यांची ओळ चुकली तर जाणता तत्काळ ओळखतो. मग प्रश्न येतो: हा पत्रा मुळात असाच होता, की नंतरच्या दुरुस्तीत बसविला? येथे कारागिराला इतिहाससंशोधक व्हावेच लागते.

एक उणीव मात्र मनाला टोचते. या वाघिणींवर खऱ्या कोळशाची बारीक पूड भुरभुरविली जाते. ती पूड ज्यांच्या फुफ्फुसांत साठली, ते खाणकामगार मात्र चित्रात नसतात. त्यांच्या काळ्या फुफ्फुसांच्या रोगाला भरपाई देणारा अमेरिकेचा संघराज्य कायदा १९६९ मध्ये झाला. रेल्वे त्याआधीच, १९५६ च्या एप्रिलमध्ये, बंद पडली होती.

ती निक कोवालचिक या भंगार व्यापाऱ्याने विकत घेतली, पण मोडीत काढली नाही. १९६० मध्ये प्रवाशांसाठी गाडी पुन्हा सुरू झाली, १९६४ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. २०११ च्या हंगामानंतर पुन्हा शांतता. २०२० मध्ये एका प्रतिष्ठानाने ती घेतली आणि २०२३ मध्ये सोळा क्रमांकाचे वाफेचे इंजिन पुन्हा धावू लागले. इंजिनाचे स्वागत झाले, ते योग्यच. वाघिणी मात्र माउंट युनियनच्या आवारात दशकानुदशके उभ्या राहिल्या. त्यांच्या अवतीभवती रान माजले, झाडे वाढली. हातात मोजपट्टी घेऊन त्या झाडोऱ्यात शिरणारे आणि रिवेट मोजून वहीत टिपणारे बहुतेक घरी जाऊन सहा इंचांची वाघीण करणारेच होते.