फासे, बंदूक आणि दुर्बीण

माघ सरत आला की खुलताबादहून म्हैसमाळकडे चढणाऱ्या डोंगरात पळस फुलू लागतो. गवत वाळून पिवळे पडलेले असते, ओढे आटलेले असतात. पहाटे मात्र अजून अंगात स्वेटर लागतो. या दिवसांत मी रविवारी फजरची नमाज झाली की निघतो आणि ऊन तापायच्या आत परततो. पानगळ झालेल्या झाडांवर पक्षी लपत नाहीत, म्हणून पाहायला हा काळ सर्वांत चांगला. पळसावर भोरड्यांचे थवे उतरलेले असतात. गुलाबी अंग, काळे डोके आणि अखंड गोंगाट. यांनाच पळसमैना म्हणतात. मध्य आशियाकडून येतात आणि उन्हाळा वाढला की परत जातात. खाली दगडावर थिरथिरा शेपटी थरथरवत बसलेला असतो. तोही पाहुणाच. आणि मग ओढ्याच्या पलीकडून तितर बोलतो.

तितर बोलला की मला दादांची, म्हणजे माझ्या आजोबांची आठवण येते. याच वाटेने ते जात असत. त्यांच्या हातात दुर्बीण नसे, फासे असत. एका पिंजऱ्यात पाळलेला तितर घेऊन ते झुडपांत ठेवत आणि भोवती फासे लावत. पिंजऱ्यातला ओरडला की रानातला त्याच्याशी भांडायला येई आणि पाय अडके. तितराच्या हाकेत जुन्या माणसांना ‘सुभान तेरी कुदरत’ ऐकू येत असे. दादांनाही तेच ऐकू येई. अल्लाहच्या कुदरतीची ही तारीफ ते कान देऊन ऐकत आणि ज्या दिशेने ती येई, तिकडेच दुसऱ्या दिवशी फासे नेत.

घरात हा विषय आता कुणी काढत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर हा उघड गुन्हा ठरला. मीही कित्येक वर्षे मित्रांना एवढेच सांगत आलो की, ‘आमच्या दादांना पक्ष्यांची आवड होती.’ हे खोटे नाही, पण पुरतेही नाही. पक्ष्यांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा अशी अर्धी वाक्ये आपण इतरांबद्दलही बोलतो, हे लक्षात आले.

बादशाह जहांगीरचेच घ्या. सारस पक्ष्यांची एक जोडी त्याने पाळली होती, नावे लैला आणि मजनू. त्यांचे मीलन, अंडी, आळीपाळीने अंडी उबवणे, हे सारे त्याने ‘तुझुक-ए-जहांगिरी’त बारकाईने लिहून ठेवले. त्याच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरने काढलेली पक्ष्यांची चित्रे आजही अभ्यासक पाहतात. याच जहांगीरने आपण मारलेल्या जनावरांचा आणि पक्ष्यांचा हिशेबही त्याच पुस्तकात ठेवला आहे, आणि तो आकडा सतरा हजारांच्या वर जातो. पाहणारा आणि मारणारा एकच माणूस होता.

सलीम अलींची गोष्ट आपण मुलांना सांगतो, ती चिमणीपासून. जन्म 1896 चा, मुंबईतला. आईवडील लहानपणीच गेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी वाढवले. एके दिवशी पिवळ्या गळ्याची एक चिमणी दिसली, ती कुठली म्हणून विचारायला मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले सचिव मिलार्ड यांनी ती ओळखली आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह त्याच्यापुढे उघडला. सांगताना आपण एक गोष्ट गाळतो. ती चिमणी त्या मुलाने छर्‍याच्या बंदुकीने मारली होती. मामा स्वतः शिकारी होते आणि सोसायटीचे सभासदही होते. बंदूक नसती तर तो प्रश्नही पडला नसता.

पुढे जर्मनीत शिकून आल्यावर सलीम अलींची संग्रहालयातली नोकरी गेली. 1930 मध्ये ते अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि पावसाळ्यात सुगरणींची घरटी पाहत बसले. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडले तरच राहते. मग नर ते पुरे करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणायला घेतो. हे कळायला एकही पक्षी मारावा लागला नाही, महिनोन् महिने बसून राहावे लागले. पण म्हणून बंदूक सुटली नाही. लवकरच त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आमचा मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. त्या पाहणीत नमुने गोळा करावे लागले, म्हणजे पक्षी मारावे लागले. त्या काळी शास्त्राची रीतच ती होती.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो मात्र तिसराच माणूस. 1959 पासून सोसायटीने पक्ष्यांच्या पायात कड्या घालून त्यांचे स्थलांतर अभ्यासायला सुरुवात केली. त्यासाठी पक्षी जिवंत आणि न दुखावता पकडणारे हात हवे होते. ते हात मिळाले बिहारच्या मीरशिकार समाजातून. पिढ्यान् पिढ्या पक्षी पकडून विकणारी ही मुसलमान माणसे. त्यांच्यातले अली हुसेन सोसायटीच्या कामात नावाजले गेले. जाळे तेच, आवाज काढून पाखराला फसवण्याची युक्ती तीच. फरक एवढाच की शेवटी पाखरू पिशवीत जात नव्हते, पायात कडी घालून उडून जात होते. भरतपूरला कडी घातलेला पक्षी हजारो मैलांवर सापडला की त्या यशात जाळे टाकणाऱ्याचाही वाटा असे.

दादांना असे कुणी भेटले नाही. कोणता तितर जोडीचा, कोणता एकटा, पिल्ले कधी बाहेर पडतात, लावा कोणत्या पिकात उतरतो, हे सारे त्यांना आवाजावरून कळे. ‘आवाज पैले सुनना, फिर देखना,’ एवढे एकच मला त्यांनी शिकवले. बाकीचे त्यांच्याबरोबर गेले. कुणी विचारले नाही, कुणी लिहिले नाही. मी विचारू शकलो असतो, पण तेव्हा मला त्यांच्या फाश्यांची लाज वाटत होती.

यंदा धाकट्या मुलीला बरोबर नेले. दुर्बीण तिच्या गळ्यात, वही माझ्या हातात. ओढ्यापाशी तितर बोलला तसे मी तिला थांबवले आणि डोळे मिटून ऐकायला सांगितले. मग पणजोबा इथे काय करत, ते सांगितले. पिंजरा, फासे, सगळे. तिने विचारले, ‘मग ते वाईट होते का?’ मी म्हणालो, ‘त्यांना या डोंगरातला प्रत्येक तितर माहीत होता, आणि ते त्यांना पकडत होते. दोन्ही खरे आहे.’

तिने दुर्बीण डोळ्याला लावली. मी वहीत तारीख टाकली आणि लिहिले: तितर, दोन, ओढ्याचा डावा काठ. दादा फासे लावत ती हीच जागा.