व्यावसायिक कबड्डीसंघाचा हंगाम : लक्षण, अवस्था, परीक्षा

प्रथम तीन संज्ञा निश्चित केल्या पाहिजेत. ‘सामना’ म्हणजे नियत वेळेत सुरू होणारी आणि नियत वेळेत निकाली निघणारी दोन संघांची झुंज. ‘स्पर्धा’ म्हणजे हरणारा बाहेर पडतो अशी सामन्यांची रचना. ‘हंगाम’ या दोहोंहून भिन्न आहे. त्यात हरणाऱ्याची सुटका नाही. ठरलेल्या संख्येचे सामने प्रत्येक संघाला खेळावेच लागतात, आणि आजच्या सामन्यात खर्ची पडलेले उद्याच्या सामन्याच्या भांडवलातून वजा होते. भांडवल येथे त्रिविध आहे : द्रव्य, देह आणि दिवस. जत्रेतील कबड्डी स्पर्धा होय. तेथे दुखऱ्या गुडघ्याचा चढाईपटू पट्टी बांधून अंतिम सामन्यात उतरतो आणि ते योग्यही ठरते, कारण दुसऱ्या दिवशी काही उरलेले नसते. हंगामात तोच निर्णय अविचार ठरू शकतो. यावरून हंगामाचे लक्षण असे सांगता येते : मर्यादित भांडवलाचा दीर्घ काळावर केलेला विनियोग म्हणजे हंगाम.

‘व्यावसायिक’ या विशेषणाचाही निर्णय आधीच व्हावा. खेळाडूला मिळणाऱ्या मोबदल्याचे तीन प्रकार संभवतात. (१) बक्षीस : सामना जिंकल्यावर मिळते, न जिंकल्यास मिळत नाही. (२) नोकरी : रेल्वे, पोलीस, बँका, तेलकंपन्या यांनी खेळाडूला पगारावर ठेवायचे आणि त्याने त्यांच्या नावाने खेळायचे. महाराष्ट्रातील कबड्डी अनेक दशके याच आधारावर जगली. (३) करार : खेळ हेच काम, आणि मोबदला त्याच कामाचा. तिसऱ्या प्रकारानेच संघ व्यावसायिक होतो. भारतीय कबड्डीत तो २६ जुलै २०१४ रोजी सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने आणला. आरंभी आठ संघ होते. २०१७ मध्ये ते बारा झाले आणि गुजरातचा संघ त्याच वर्षी आला.

या संक्रमणाचा सर्वांत बोधक पूर्वदाखला कबड्डीचा नाही, रग्बी लीगचा आहे. उत्तर इंग्लंडमधील गिरण्यांत आणि खाणींत काम करणारे खेळाडू शनिवारच्या सामन्यासाठी पाळी सोडत, तेव्हा त्यांची मजुरी बुडे. ती भरून द्यावी, ही मागणी रग्बीच्या तत्कालीन नियामक मंडळाने मान्य केली नाही. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांनी वेगळी संघटना स्थापली. पुढे नियम बदलले, १९०६ मध्ये खेळाडूंची संख्या पंधरावरून तेरावर आली आणि खेळच वेगळा झाला. एका खेळाचे दोन खेळ झाले ते बुडालेल्या मजुरीच्या प्रश्नावरून, ही गोष्ट क्रीडाशास्त्राच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

हा दाखला डिंडोलीत लवकर समजेल. सुरतेच्या या भागात आणि लगतच्या उधना, लिंबायत, पांडेसरा परिसरात जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतून आलेली मराठी व अहिराणी बोलणारी वस्ती मोठी आहे. उधना–जळगाव लोहमार्गाने ती आपल्या गावांशी जोडलेली आहे. येथील यंत्रमागाच्या खात्यात पाळी सामान्यतः बारा तासांची असते आणि मजुरी विणलेल्या मीटरवर मोजली जाते. माग तासभर सोडला तर तासाची मजुरी जाते. त्यासाठी वेगळा दंड लावावा लागत नाही. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात पहिला सामना रात्री आठला सुरू होई. दिवसपाळीचा कारीगर तोपर्यंत खोलीवर पोहोचून भाकर खात सामना पाहू शके. रातपाळीच्या कारीगराला सकाळी मोबाइलवर केवळ निकाल आणि चार पकडी पाहायला मिळत. हंगाम प्रेक्षकाच्या बाजूनेही पाळ्यांत विभागला जातो.

डिंडोलीच्या प्रेक्षकाचा आणखी एक विशेष आहे. निष्ठेचे दोन आधार असतात : वास्तव्य आणि मूळ. वास्तव्याने तो गुजरात जायंट्सचा ठरतो, मुळाने पुणेरी पलटण किंवा यू मुंबाचा. खानदेशाचा स्वतःचा संघ नाही, त्यामुळे दुसरा आधारही त्याला उसनाच घ्यावा लागतो. अशा प्रेक्षकाकडून पक्षपाताची अपेक्षा कमी आणि तुलनेची अधिक करता येते. म्हणून पुढील विवेचनात उदाहरणादाखल २०२३-२४ चा दहावा हंगाम आणि त्यातील प्रामुख्याने पुणेरी पलटण घेतली आहे. गुजरातचा विचार तुलनेपुरता येईल.

हंगामाच्या अवस्था तीन : बांधणी, साखळी, बाद फेरी. प्रेक्षक तिसरी लक्षात ठेवतो, वृत्तपत्रे दुसरी छापतात, निर्णय मात्र बहुधा पहिलीत होतो. म्हणून पहिलीचा विचार विस्ताराने केला पाहिजे.

बांधणीत संघाच्या हाती दोन साधने असतात : राखणे आणि विकत घेणे. राखलेला तरुण खेळाडू नियमाने ठरलेल्या अटींवर मिळतो. लिलावात घेतलेल्या खेळाडूची किंमत इतरांच्या हव्यासाने ठरते. दहाव्या हंगामाचा लिलाव सप्टेंबरमध्ये व्हायचा होता, तो आशियाई क्रीडास्पर्धेमुळे पुढे गेला आणि मुंबईत ९ व १० ऑक्टोबर २०२३ रोजी झाला. दोनच दिवस आधी, ७ ऑक्टोबरला, हांगझोऊ येथे भारताने इराणला ३३–२९ असे हरवून सुवर्णपदक जिंकले होते. भारताच्या संघात अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे होते, इराणच्या संघात मोहम्मदरेझा शादलुई. लिलाव संपला तेव्हा तिघेही पुणेरी पलटणीचे होते.

प्रत्येक संघाला खेळाडूंवरील खर्चाची मर्यादा पाच कोटी रुपयांची होती. या मर्यादेशी ताडून पाहता त्या लिलावातील तीन व्यवहार विचारार्ह ठरतात. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतले; म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहून अधिक रक्कम एका चढाईपटूवर. पलटणीने शादलुईसाठी २ कोटी ३५ लाख दिले. मर्यादेचे ४७ टक्के. गुजरातने फझल अत्राचलीसाठी १ कोटी ६० लाख मोजले. परिणाम पाहावेत. पलटण ९६ गुणांसह प्रथम आणि अखेर विजेती. गुजरात ७० गुणांसह चौथा. टायटन्स २२ सामन्यांत दोन विजय, २१ गुण आणि शेवटचे स्थान.

येथे घाईने असे अनुमान निघेल की महाग खेळाडू घेणे चूक. ते टिकत नाही, कारण पलटणीनेही जवळजवळ तितकीच रक्कम एकावर लावली होती. भेद उरलेल्या रकमेत आहे. टायटन्सला उरलेल्या निम्म्या रकमेत बाकी संघ बाजारभावाने उभा करायचा होता. पलटणीचा बाकी संघ आधीच उभा होता : अस्लम, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे हे चढाईला, गौरव खत्री आणि अबिनेश नादराजन बचावाला. हे राखलेले खेळाडू होते आणि २०२२ च्या नवव्या हंगामात याच पायावर पलटण अंतिम सामन्यापर्यंत गेली होती; तेथे जयपूरने तिला ३३–२९ असे हरवले. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांनी कायम राहिलेल्या संघात शादलुईला घेऊन एकच उणीव भरली. म्हणून नियम असा मांडावा : महाग खेळाडूचे मूल्य त्याच्या अंगी जितके असते तितकेच त्याच्या भोवतीच्या सहा जणांत असते.

या नियमाला खेळाच्या रचनेचाच आधार आहे. चढाई तीस सेकंदांची. चढाईपटू बाद झाला की तो मैदानाबाहेर बसतो आणि सहकाऱ्याने गुण मिळवल्याशिवाय परत येत नाही. सर्वोत्तम चढाईपटू बाकावर बसला असता संघाच्या हाती काय उरते, हीच संघाची खरी मोजणी. ज्याच्याकडे एकच चढाईपटू आहे त्याने तो बाद होताच वेळ काढायची असते. पण सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण घेणे भाग पडते, न घेतल्यास चढाईपटू बाद. अशा रीतीने एकाचे बाद होणे दोघांचे, दोघांचे तिघांचे होते आणि शेवटी लोण पडून दोन गुण जास्तीचे जातात. दिल्लीच्या आशू मलिकने त्या हंगामात सर्वाधिक २७६ चढाईगुण मिळवले. दिल्ली तिसरी आली आणि पाटण्याकडून ३७–३५ असे हरून बाद झाली. पलटणीचा एकही चढाईपटू त्या यादीच्या शिखरावर नव्हता; हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू मात्र पलटणीचा कर्णधार अस्लम ठरला.

दुसरी अवस्था साखळी. बारा संघ, प्रत्येकाचे प्रत्येकाशी दोन, म्हणजे संघागणिक २२ आणि एकूण १३२ सामने. २ डिसेंबर २०२३ ते २१ फेब्रुवारी २०२४ हे ८२ दिवस. सरासरीने पावणेचार दिवसांत एक सामना. रग्बी लीगच्या संघाला सामान्यतः आठवड्याला एक सामना असतो आणि निम्मे सामने घरच्या मैदानावर. येथे ‘घर’ या कल्पनेचाच संकोच झालेला आहे. त्या हंगामात बारा शहरांत क्रमाने मुक्काम होता. संघाला स्वतःच्या शहराचे आठवडाभर सुख, नंतर अडीच महिने परगाव. पुण्याचा मुक्काम बालेवाडीत डिसेंबरच्या मध्याला उरकला. गुजरातचा तर हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात, अहमदाबादेत. सुरतेच्या प्रेक्षकाला आपल्या राज्याचा संघ प्रत्यक्ष पाहायचा तर ७ डिसेंबरपर्यंत आणि तोही अडीचशेहून अधिक किलोमीटरवर. त्यानंतर दूरदर्शनसंचाखेरीज गत्यंतर नव्हते. राज्याच्या नावाने चालणाऱ्या संघाने राज्याला एवढेच द्यावे, हे न्यूनच मानले पाहिजे.

गुणपद्धती हंगामाचे व्याकरण ठरवते. विजयाला पाच, बरोबरीला तीन, आणि सात वा त्याहून कमी गुणांनी झालेल्या पराभवाला एक, असा तेव्हाचा नियम होता. पलटणीचे १७ विजय, ३ बरोबरी, २ पराभव. ८५ आणि ९ मिळून ९४. एकूण गुण ९६. अर्थात दोन्ही पराभव सातच्या आतले होते. गुजरातचे १३ विजय, ९ पराभव : ६५ आणि ५, म्हणजे नवांपैकी पाच पराभवांतून काहीतरी वाचवले. यातून पराभवाचे दोन प्रकार सिद्ध होतात, सफल आणि निष्फळ. हरत असलेला संघ शेवटच्या तीन मिनिटांत चढाईपटूला बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून परतायला सांगतो, तेव्हा तो भित्रेपणा नसून अंतर सातच्या आत आणण्याचा हिशेब असतो. नवखा प्रेक्षक अशा वेळी ओरडतो. जुना गप्प बसून आकडा पाहतो.

बचावाचा विचार येथेच करावा. शादलुईने त्या हंगामात ९९ पकडगुण मिळवले, सर्व संघांत सर्वाधिक. डाव्या कोपऱ्यावरचा रक्षक चढाईपटूचा पाय बोनस रेषेकडे सरकेपर्यंत थांबतो. पाय टेकताच घोट्याला हात घालतो आणि आपले वजन मागे टाकतो. उशीर झाला तर चढाईपटू मध्यरेषा गाठतो, घाई झाली तर रक्षक स्वतः बाद होतो. उजव्या कोपऱ्याने आणि मध्यरक्षकांनी त्याच क्षणी साखळी आवळली नाही, तर केलेली पकडही सुटते. पकडगुण एकाच्या नावावर लागतो खरा. पण पकड एकाची नसते.

तिसऱ्या अवस्थेवर अधिक शब्द खर्चण्याचे कारण नाही. त्या हंगामाच्या नियमाने पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत गेले. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या संघांना एक सामना जास्त. हरियाणा स्टीलर्सने २६ फेब्रुवारीला गुजरातला ४२–२५, २८ ला जयपूरला ३१–२७ असे हरवले आणि १ मार्चला हैदराबादेत अंतिम सामना खेळला : पाच दिवसांत तीन सामने. पलटण २१ फेब्रुवारीनंतर थेट २८ लाच उतरली, पाटण्याला ३७–२१ असे हरवून अंतिम फेरीत गेली आणि २८–२५ असा विजय मिळवला. पंकज मोहितेचे नऊ गुण त्यात निर्णायक ठरले. अंतर तीन गुणांचे. त्यात विश्रांतीचा वाटा किती, हे तोलता येत नाही. परंतु ती विश्रांती साखळीत कमावलेली होती, दैवाने दिलेली नव्हती.

आता पूर्वपक्ष. कोणी म्हणेल, हे सर्व शादलुईचे श्रेय. पुढच्याच हंगामात तो २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी हरियाणाने पाटण्याला ३२–२३ असे हरवून विजेतेपद मिळवले. गतविजेती पलटण बाद फेरीतही पोहोचली नाही. आक्षेप सबळ आहे. त्याचे पहिले उत्तर असे की त्या हंगामात अस्लमलाही दुखापतीने बाहेर बसावे लागले. दोन कारणे एकाच वेळी उपस्थित असता परिणाम एकावर लादणे तर्काला धरून नाही. दुसरे उत्तर असे की हरियाणाचा संघ आधीच्या वर्षी अंतिम सामन्यात होता, म्हणजे शादलुई तेथेही उभ्या संघातच गेला.

तिसरे उत्तर २०२५ च्या बाराव्या हंगामाने दिले, आणि ते डिंडोलीच्या प्रेक्षकाला अधिक जवळचे आहे. त्या वर्षी शादलुईला २ कोटी २३ लाखांना गुजरात जायंट्सने घेतले. गुजरात पहिल्या आठांत आला नाही. शादलुईविना खेळलेली पुणेरी पलटण ३१ ऑक्टोबरच्या अंतिम सामन्यात होती. तेथे ती दिल्लीकडून ३१–२८ अशी हरली.