सावंगीहून बँकॉक: मित्रांच्या ग्रुपने निघण्याआधी काय माहीत असायला हवं?

वर्धा शहराला लागून असलेलं सावंगी (मेघे) आज ओळखलं जातं ते वैद्यकीय शिक्षणामुळे. १९९० मध्ये इथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि देशभरातली मुलंमुली इथल्या होस्टेलांत राहायला आली. परीक्षा किंवा इंटर्नशिप संपली की अशा ग्रुपमध्ये पहिल्या परदेशवारीची चर्चा सुरू होते, आणि तिथे बँकॉकचं नाव निघतंच. खर्च आवाक्यातला, व्हिसाची कटकट कमी आणि फोटो भरपूर. पण रील्समध्ये न दिसणाऱ्या काही गोष्टी आधीच ठाऊक असल्या तर ही सहल खरंच मजेची होते.

जायचं कसं, कागद कोणते?

नागपूरहून मुंबई, दिल्ली किंवा कोलकाता गाठून पुढचं विमान पकडणं हा नेहमीचा मार्ग. वर्धा मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर असल्याने कोलकात्यापर्यंत रेल्वेनेही जाता येतं. तिथून बँकॉकचं उड्डाण साधारण अडीच तासांचं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असतं.

थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना पर्यटनासाठी व्हिसाशिवाय प्रवेश द्यायला सुरुवात केली. मात्र किती दिवस राहता येईल, हे नियम बदलत असतात. म्हणून तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या वेबसाइटवर बघावंच. १ मे २०२५ पासून प्रत्येकाला पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ‘डिजिटल अरायव्हल कार्ड’ ऑनलाइन भरावं लागतं. ते मोफत आहे. पैसे मागणारी वेबसाइट सरकारी नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग प्रत्येकाच्या स्वतःच्या फोनमध्ये असावं. सगळं एकाकडेच असेल आणि तो इमिग्रेशनच्या दुसऱ्या रांगेत उभा असेल, तर बाकीचे अडकतात.

काय बघायचं?

ओळखीच्या खुणा विमानतळापासूनच दिसू लागतात. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी, आणि आत समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प: वासुकी, देव, दानव, सगळे हजर. थाई लोक आपल्या राजधानीला ‘क्रुंग थेप’ म्हणतात, म्हणजे देवांची नगरी. तिच्या पूर्ण नावात इंद्र, विश्वकर्मा आणि अयोध्याही येतात; जगातलं सर्वांत लांब स्थळनाव म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद आहे.

पहिला राम या राजाने १७८२ मध्ये चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठावर राजधानी आणली. त्याच वर्षी सुरू झालेला भव्य राजवाडा, म्हणजे ग्रँड पॅलेस, सकाळी साडेआठला उघडतो आणि परदेशी पर्यटकांसाठी तिकीट ५०० बाट आहे. आवारातल्या मंदिरातली ‘पाचूची’ म्हणून प्रसिद्ध असलेली बुद्धमूर्ती प्रत्यक्षात हिरव्या जेड दगडाची आणि जेमतेम ६६ सेंटिमीटर उंच आहे. तिची वस्त्रं वर्षातून तीनदा, ऋतूप्रमाणे बदलली जातात आणि हा विधी राजाच्या हस्ते होतो. भोवतीच्या ओवऱ्यांत ‘रामकियेन’ची, म्हणजे थाई रामायणाची, १७८ भित्तिचित्रं आहेत. घाईत लोक मूर्ती बघून बाहेर पडतात. आपल्याकडच्या माणसाने खरं तर इथेच तासभर काढावा. थाई रामायणातला हनुमान ब्रह्मचारी नाही, हे कळल्यावर ग्रुपमध्ये वाद रंगणार हे नक्की.

राजवाड्यापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर वाट फो आहे. तिथली पहुडलेली बुद्धमूर्ती ४६ मीटर लांब आहे. जवळच्या धक्क्यावरून छोट्या नावेने नदी ओलांडली की समोर वाट अरुण. अरुण म्हणजे आपलाच अरुण, पहाटेचा. ही तीन ठिकाणं एका दिवसात आरामात होतात, तीही टॅक्सीशिवाय: नदीवरची प्रवासी बोट आणि १९९९ पासून धावणारी स्कायट्रेन जोडली की ट्रॅफिकमध्ये अडकायला होत नाही. चतुचक बाजाराचा मुख्य पसारा शनिवार-रविवारचा, त्यामुळे सहलीचे वार बघून ठरवावेत.

मंदिरांत आणि राजवाड्यात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. भिक्खूंना स्त्रियांनी स्पर्श करायचा नसतो, त्यामुळे सेल्फीसाठी खेटून उभं राहणं टाळावं. शाकाहारी मंडळींनी भाज्यांतही मासळीचा सॉस असतो हे गृहीत धरावं. पिवळ्या झेंडीवर लाल थाई अक्षरं असलेलं ‘जे’ दुकान दिसलं की निर्धास्त जेवावं; तिथे कांदा-लसूणही नसतो.

‘आज राजवाडा बंद आहे’

राजवाड्याजवळ नीटनेटका माणूस भेटतो, आज बंद आहे म्हणतो आणि स्वस्तात टुकटुक ठरवून देतो. ती टुकटुक थेट रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात जाऊन थांबते. ही युक्ती फार जुनी आहे. उपाय एकच: दारापर्यंत चालत जाऊन स्वतः बघावं.

बॅग कोणाची?

सर्वांत मोठा धोका परतीच्या वाटेवर आहे. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजावरचे निर्बंध सैल केले आणि जून २०२५ मध्ये पुन्हा आवळले. मधल्या काळात रस्तोरस्ती दुकानं निघाली, त्यामुळे ‘तिथे चालतं’ हा समज पसरला. भारतात मात्र १९८५ चा एनडीपीएस कायदा लागू होतो. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांकडून ‘हायड्रोपोनिक’ गांजा पकडल्याच्या बातम्या मुंबई विमानतळावरून वारंवार येतात. गांजा २० किलोपेक्षा जास्त असेल तर शिक्षा १० ते २० वर्षं. त्याहून कमी असला तरी गुन्हा आहेच.

या कायद्यात एक गोष्ट मित्रांच्या ग्रुपने नीट समजून घ्यावी. माल ज्याच्या ताब्यात सापडतो त्याला तो माहीत होता, असं न्यायालय धरून चालतं; नव्हता हे आरोपीने सिद्ध करायचं असतं. म्हणून नवीन ओळखीच्या माणसाचं ‘एवढं पार्सल ने ना, तिकिटाचे पैसे देतो’ आणि ग्रुपमधल्याच कोणाचं ‘माझं वजन जास्त होतंय, तुझ्यात टाकतो’ या दोन्हींना उत्तर सारखंच. स्वतः भरलेली आणि स्वतः बंद केलेली बॅगच चेक-इन करावी. मित्राचं सामान घ्यायचंच असेल तर उघडून, एकेक वस्तू बघून घ्यावं. मैत्रीत हे विचारायला अवघड वाटतं, पण कस्टम अधिकारी मैत्री विचारत नाही, बॅगेवरचा टॅग बघतो.

याशिवाय ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे, त्यामुळे ती नेऊच नये. राजघराण्याबद्दल अपमानकारक पोस्ट टाकली तर तिथल्या दंडसंहितेच्या कलम ११२ खाली ३ ते १५ वर्षं कैद होऊ शकते. बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायला तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो.

अडचण आल्यास टुरिस्ट पोलिसांचा क्रमांक ११५५. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत नोंद करावी आणि मग भारतीय दूतावासात जावं; पासपोर्टचा फोटो ग्रुपमधल्या दुसऱ्या कोणाच्या फोनमध्येही असला की काम लवकर होतं.