नवसाचे प्रार्थनामंदिर

नवस फेडण्यासाठी देवाचे घर बांधण्याची रीत आपल्या उत्तर कोकणात फार जुनी आहे. डहाणूची महालक्ष्मी, केळव्याची शीतलादेवी यांच्या चरणी आजही नवस बोलले जातात. मुंबईच्या मांडवी भागातील ज्यूंचे पहिले प्रार्थनामंदिर ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार, हेही अशाच एका नवसातून उभे राहिले.

तारापूर-डहाणूकडील पारशी बांधवांचे पूर्वज समुद्रमार्गे संजाणला उतरले. तसेच या बेने इस्राएल ज्यूंचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळच्या नवगावी किनाऱ्याला लागले. सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. आजच्या रायगड जिल्ह्यातील गावोगावी त्यांनी तेलाचे घाणे चालविले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. मराठी त्यांची मायबोली झाली आणि पेणकर, किहीमकर, दिवेकर अशी गावांवरून आडनावे पडली.

यांपैकी सामाजी हसाजी दिवेकर हे कंपनी सरकारच्या फौजेत अंमलदार होते. म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानाचे कैदी झाले. सुखरूप सुटलो तर देवाचे घर बांधीन, असा नवस त्यांनी केला. टिपूच्या मातोश्रींनी रदबदली केल्याने प्राण वाचले, अशी आख्यायिका आहे. १७९६ साली त्यांनी नवस फेडला. धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या आणण्यासाठी ते कोचीनला गेले व तेथेच निवर्तले, असे सांगतात. १८६० साली हे मंदिर सध्याच्या जागी नव्याने उभारण्यात आले. समाजात ते ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखले जाते. मस्जिद स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले, असे मानतात.

आत मूर्ती नाही. जेरुसलेमच्या दिशेला, म्हणजे पश्चिमेला, ‘हेखाल’ नावाचे पवित्र कपाट असते. चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या त्यात ठेवतात. मध्यभागी कठडा असलेला उंच चौथरा, तो ‘तेबा’. ग्रंथवाचन तेथून होते. स्त्रियांसाठी वर सज्जा असतो. हेखालापुढे नंदादीप तेवतो.

आपला तालुका २०१४ पर्यंत ज्या ठाणे जिल्ह्यात होता, त्या ठाणे शहरातही १८७९ सालचे असे एक प्रार्थनामंदिर आहे.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले व पुढील काही दशकांत बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तेव्हा हा समाज अवघ्या काही हजारांवर आला होता. त्यांच्या रीतीप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेस किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. कोकणातील काही जुन्या मंदिरांत भिंती शाबूत आहेत, दिवाबत्ती होते, पण दहा जण जमणे कठीण झाले आहे.

दगड, लाकूड, कौले देणगीतून मिळतात. ती दहा माणसे गावालाच द्यावी लागतात. ग्रामस्थ व देणगीदारांच्या श्रमांतून उभ्या राहिलेल्या आपल्या मंदिरावर कळस चढला आहे. रोजच्या सायंआरतीलाही तेथे घरोघरची माणसे जमोत, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.