भ्रूण म्हणजे पंडित

गेल्या वर्षी सोलापुरात पुतणीला घेऊन एका सोनोग्राफी सेंटरमध्ये गेलो होतो. नंबर तेविसावा. तिला पाणी पीत बसायला सांगितलेलं, मला तेवढंही काम नव्हतं, म्हणून भिंती वाचत बसलो. एका भिंतीवर कायद्याने लावावीच लागते ती पाटी: इथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही, तो गुन्हा आहे. शेजारी कुठल्याशा मंडळाने भेट दिलेलं पोस्टर: 'स्त्री भ्रूणहत्या महापाप'. मी निवृत्त संस्कृत मास्तर. जन्मभर कालिदास आणि सुभाषितं शिकवली, धर्मसूत्रांच्या वाटेला कधी गेलो नाही. पण महापाप म्हणजे धर्मशास्त्रातलं महापातक, तिथला पारिभाषिक शब्द, एवढं ठाऊक होतं. मग भ्रूणहत्याही तिथूनच आली असणार, म्हणून मोबाइलवर कोश उघडला. भ्रूण: गर्भ, मूल, गर्भिणी, आणि शेवटी अत्यंत विद्वान ब्राह्मण.

त्या शेवटच्या अर्थात पाय अडकला तो अजून निघालेला नाही.

गर्भ हा अर्थ जुना, यात वाद नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अरायी नावाच्या अवदसेला हाकलून लावणारं सूक्त आहे. ती भ्रूणांचा नाश करते. तिथे भ्रूण म्हणजे पोटातला जीवच. पण बौधायन गृह्यसूत्र काढलं आणि समोर परीक्षांची उतरंड आली. मुंज होऊन थोडा वेद शिकला तो ब्राह्मण, एक शाखा शिकला तो श्रोत्रिय, वेदांगं शिकला तो अनूचान, कल्प शिकला तो ऋषिकल्प, सूत्र आणि प्रवचन शिकला तो भ्रूण. त्याच्या वर फक्त ऋषी आणि देव. म्हणजे आपल्याकडे पीएच.डी.च्याही पुढे गेलेल्या माणसाला त्या काळी भ्रूण म्हणत. न जन्मलेल्याला आणि सगळं शिकून बसलेल्याला एकच नाव कसं पडलं?

सोपं उत्तर व्युत्पत्तीवाल्यांचं. भृ म्हणजे धारण करणे. आई गर्भ धारण करते, पंडित वेद धारण करतो. इतकं सुटसुटीत आहे की मला संशय येतो. भृ पासून भ्रूण होताना मधला दीर्घ ऊ आणि शेवटचा ण कुठून आले, हे विचारलं की ही मंडळी घसा खाकरतात.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे. गर्भ मारणं आणि ब्राह्मण मारणं यांना प्रायश्चित्त एकच. शिक्षा एक झाली की नावही एक होतं. ज्याला मारल्यावर भ्रूणहत्येचं व्रत करावं लागतं, तो भ्रूण. पापाचं नाव आधी, माणसाचं मागाहून.

माझं मत तिसरं. अथर्ववेदाच्या ब्रह्मचर्यसूक्तात गुरू शिष्याला मुंजीच्या वेळी आपल्या पोटात गर्भ म्हणून घेतो, तीन रात्री वागवतो आणि मग जन्म देतो. द्विज हा शब्द याच कल्पनेतला. शिवाय मुंजीचं वय आजही गुरुजी 'गर्भाष्टम' सांगतात, म्हणजे आठवं वर्ष जन्मापासून नव्हे, गर्भापासून मोजायचं. जिथे शिक्षणाला गर्भवास मानतात, तिथे शिकलेल्याला भ्रूण म्हणायला कितीसा वेळ लागणार? या मताला एक भोक आहे, ते मीच दाखवतो. गुरूच्या पोटातला गर्भ हा नवशिका असायला हवा, बौधायनाचा भ्रूण तर ऋषीच्या एक पायरी खाली. माझ्या मते पदवी वर सरकली. 'पंडित' हा शब्द मोठ्या विद्वानापासून गल्लीतल्या पूजा सांगणाऱ्यापर्यंत खाली आला, तसा हा वर गेला. कुणाला हे पटत नसेल तर दुसरं उत्तर घ्यावं. माझं काही बिघडत नाही, कारण खरी मेख पुढेच आहे.

वसिष्ठ धर्मसूत्रात भ्रूणहा कोण, याची व्याख्या दिली आहे: ब्राह्मणाला मारणारा, आणि 'अविज्ञात' गर्भाला मारणारा. अविज्ञात म्हणजे मुलगा की मुलगी हे न कळलेला. लगेच कारणही दिलंय: न कळलेले गर्भ पुरुष होऊ शकतात, म्हणून तर मुलग्यासाठी पुंसवनाचा होम करतात. मनुस्मृतीतही तोच शब्द, अविज्ञात गर्भ. सोलापुराहून हैदराबादच्या रस्त्याने गेलं की वाटेत वळण लागतं त्या कल्याणीत, विक्रमादित्य चालुक्याच्या दरबारी विज्ञानेश्वराने ज्या याज्ञवल्क्य स्मृतीवर मिताक्षरा लिहिली, तिच्यात गर्भहत्येचं प्रायश्चित्त गर्भाच्या वर्णाप्रमाणे सांगितलं आहे. ब्राह्मण गर्भाला एक, इतरांना कमी.

याच ओळीत याज्ञवल्क्याने आत्रेयीला बसवलं आहे. आत्रेयीला मारलं तरी तेच पाप. ही कोण? एक पक्ष म्हणतो अत्रिगोत्रातली स्त्री. वसिष्ठ म्हणतो, ऋतुस्नात स्त्री, आणि व्युत्पत्ती अशी लावतो: अत्र, म्हणजे इथे, हिच्यात, अपत्य येणार आहे. व्याकरणाच्या मास्तराने ही व्युत्पत्ती लाल शाईने खोडली असती. मी खोडणार नाही, कारण ती चुकीची असूनही विचार उघडा पाडते. इथे गर्भ राहिलेलासुद्धा नाही. राहील, मुलगा होईल, शिकेल, एवढ्या शक्यतेचं मोल पंडिताच्या जिवाइतकं.

म्हणून मी म्हणतो की जीव कधी सुरू होतो हा प्रश्न भ्रूणहत्या या शब्दाने कधी विचारलाच नाही. त्याने विचारलं, आत कोण असू शकेल. न कळण्यात सगळी जरब होती. कळलं असतं की मुलगी आहे, तर वसिष्ठाने दिलेलं कारण तिथेच गळून पडलं असतं. 'स्त्री भ्रूणहत्या' हे पोस्टर त्याला वाचून दाखवलं असतं तर त्याला वदतोव्याघात वाटला असता. कळत नाही या समजुतीवर आपली डोहाळजेवणंही चालत आली: दोन झाकलेल्या वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी, आणि ओटी भरलेल्या बाईने एक उघडायची.

जीव कधीपासून, हा हिशेब दुसऱ्या शब्दाकडे होता. आयुर्वेद चौथ्या महिन्यापर्यंत गेलेल्याला गर्भस्राव म्हणतो, पाचव्या-सहाव्यात शरीर घट्ट झालेलं असतं, तेव्हा तो पडतो, म्हणून गर्भपात, पुढे प्रसूतीच. सुतकाचे नियमही याच पायऱ्यांवर: आईला जितके महिने तितके दिवस. दाते पंचांगाच्या या सोलापुरात मला अजूनही फोन करून हे विचारणारे आहेत. मराठीने तीन पायऱ्यांतली मधली उचलून सगळ्यालाच गर्भपात म्हटलं, आणि बायका आपापसांत म्हणत राहिल्या 'पाडलं', 'खाली केलं', हल्ली 'पिशवी साफ केली'. त्यात हत्या कुठेच नाही. १८६० च्या दंड संहितेतही पायरी होती: गर्भपाताला तीन वर्षांपर्यंत कैद, बाळ पोटात फिरू लागलं असेल तर सातपर्यंत. नव्या न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये ती अजून आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांनी भ्रूणहत्या हा शब्द पाटीवर घेतला नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात काढलं ते बालहत्या प्रतिबंधक गृह. आमच्याच जिल्ह्यात पंढरपूरला १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशांच्या पुढाकाराने तसंच गृह निघालं, ते प्रार्थना समाजाने पुढे चालवलं. विधवेला दिवस गेले तर तिने येऊन गुपचूप बाळंत व्हावं, मूल ठेवून जावं. पाप कुणाचं, हे दारात विचारलं जात नसे.

मग भ्रूणहत्या परत कधी आली? यंत्र आलं तेव्हा. राज्याचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला, त्यावरून १९७१ चा कायदा झाला आणि डॉक्टरच्या हातचा गर्भपात अटींसह मोकळा झाला. पाठोपाठ गर्भजल तपासणी आली, सोनोग्राफी आली, आणि हजारो वर्षांचा अविज्ञात गर्भ विज्ञात झाला. १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा गर्भलिंगनिदानावर कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राने. तरी सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे राज्यातल्या मुली १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. घाबरलेल्या समाजाला घोषणा हवी होती, म्हणून माळ्यावरचं जुनं हत्यार खाली काढलं.

त्याची धार चुकीच्या बाजूला आहे. स्त्री-आरोग्याचं काम करणाऱ्या संघटना हे सांगत आल्या आहेत: हत्या म्हटलं की कायद्याने दिलेला गर्भपातही खून वाटू लागतो, आणि वीस आठवड्यांच्या आत रीतसर दवाखान्यात आलेली बाई मान खाली घालून बसते. गुन्हा निवडीचा आहे. त्याला लिंगनिवड म्हणावं.

त्या दिवशी पुतणीचा नंबर लागायला पावणेदोन वाजले. बाहेर येताना मी सक्तीची पाटी पुन्हा वाचली. केंद्राच्या १९९४ च्या कायद्याखालच्या १९९६ च्या नियमांतल्या १७ व्या नियमाने ती स्थानिक भाषेतही लावावी लागते, आणि त्याच कायद्याने डॉक्टरने शब्दाने किंवा खुणेनेही लिंग सांगायचं नसतं. वसिष्ठाने न कळलेल्याला जपलं मुलग्याच्या आशेने. ही पाटी न कळू देऊन मुलीला जपते. तिच्यावर पाप नाही, भ्रूण नाही, हत्याही नाही. मंडळांनी पुढच्या वर्षी पोस्टर छापताना तिचाच मजकूर घ्यावा.